ग्रेन, ग्रॅन्युल, कॉर्न वगैरे: एकाच दाण्याचं गणगोत?

एक शंका आहे. ग्रेन म्हणजे धान्य, ग्रेन म्हणजे दाणा, लाकडाच्या रेषा त्याही ग्रेन, आणि जुन्या औषधांच्या मापातही ग्रेन. हे सगळं मुळात एकच आहे की नुसता सारखेपणा? आणि ग्रॅन्युल, ग्रॅम हे पण त्याच घरातले का?

---

सगळे ग्रेन एकच. लॅटिनमध्ये ग्रानुम म्हणजे बी, दाणा, तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला. ग्रॅन्युल म्हणजे त्याचंच लहान रूप, बारीक कण. वजनातला ग्रेन जवाच्या दाण्यावरून आलाय, साधारण ६४.८ मिलिग्रॅम, एका पौंडात ७००० बसतात आणि बंदुकीच्या गोळीचं वजन अजूनही त्यातच सांगतात. लाकडाचं म्हणाल तर आधी कातड्याबितड्याच्या रवाळ पृष्ठभागाला ग्रेन म्हणायला लागले, मग पोताला, मग तंतूंच्या दिशेला.

ग्रॅम मात्र परका. ते ग्रीक आहे, ग्रामा म्हणजे अक्षर आणि पुढे एक छोटं वजन. पण गंमत बघा, हरभऱ्याला इंग्रजीत ग्रॅम म्हणतात ना, स्पेलिंग तेच, तो पोर्तुगीजांकडून आलेला आणि तो अस्सल ग्रानुमच!

---

इन्ग्रेन्ड विसरलात. माझ्या मते या सगळ्यात भारी गोष्ट त्याचीच आहे. भूमध्य समुद्राच्या आसपास एका जातीच्या ओकवर बारके किडे चिकटून असतात, वाळले की हुबेहूब दाण्यासारखे दिसतात, त्यामुळे लोक त्यांना दाणेच समजायचे आणि त्यापासून निघणाऱ्या लाल रंगालाही ग्रेन म्हणायचे. हा रंग पक्का, धुतला तरी जात नाही, म्हणून 'ग्रेनमध्ये रंगवलेलं' म्हणजे पक्क्या रंगाचं, आणि त्यावरून इन्ग्रेन्ड म्हणजे अंगात मुरलेलं, मग ती सवय असो नाहीतर खोड. त्याच किड्याला अरबीत किर्मिझ म्हणतात, त्यावरून क्रिमझन आणि आपला किरमिजी, आणि त्याच्या मुळाशी थेट संस्कृत कृमि. म्हणजे एकाच किड्याला कोणी दाणा म्हणालं आणि कोणी किडा, आणि इंग्रजीने दोन्ही ठेवून घेतले.

---

आणि कॉर्न? ते पण ग्रानुमवरूनच आलं ना?

---

ग्रानुमवरून आलं नाही, ग्रानुमचं चुलत भावंड आहे. लॅटिनमध्ये जिथे ग तिथे जर्मॅनिक भाषांत क आणि संस्कृतात बऱ्याचदा ज, असा नियमच आहे. आपला जानु, लॅटिन गेनु, इंग्रजी नी (गुडघा, त्यातला के आता मुका झालाय). तसंच ग्रानुम, कॉर्न, आणि आपल्याकडे.. जीर्ण! पिकणं, झिजणं, म्हातारं होणं या अर्थाचा धातू. पिकलेलं ते धान्य असं समजा.

कॉर्न म्हणजे मका हा अमेरिकेतला अर्थ, इंग्लंडमध्ये बहुतेक गहू, स्कॉटलंडात ओट, म्हणजे जिथे जे मुख्य पीक ते कॉर्न. कॉर्न्ड बीफमध्ये तर मका शोधूच नका, तिथे कॉर्न म्हणजे मिठाचे जाडे खडे. कर्नल (सैन्यातला नव्हे, बियांमधला गर) हे कॉर्नचंच लहान रूप. पायाला होतं ते कुरूप, त्याला कॉर्न म्हणतात ते वेगळं, लॅटिन कोर्नू म्हणजे शिंग.

---

डाळिंब राहिलं की. पॉमेग्रॅनेट म्हणजे दाण्यांचं सफरचंद, त्याच्या रूपावरून ग्रेनेड (हातबॉम्ब), रंगावरून गार्नेट नावाचं रत्न. ग्रॅनाइट म्हणजे इटालियनमध्ये दाणेदार दगड. आणि दागिन्यांतली फिलिग्री, त्यात लॅटिनचा धागा अधिक दाणा, तार ओढायची आणि बारीक सोन्याचे मणी बसवायचे, कामाचं वर्णनच नावात.

---

सीरियल पण घ्या मग?

---

त्यात दाणा नाही, रोमन शेतीदेवता सेरेस आहे. त्यापेक्षा शुगर घ्या. आपली शर्करा म्हणजे मुळात खडे, वाळू, कंकर, मग साखर; ती फारसी, अरबी, लॅटिन, फ्रेंच असा प्रवास करून शुगर झाली. त्यामुळे ग्रॅन्युलेटेड शुगर म्हणजे व्युत्पत्तीच्या हिशोबाने 'दाणेदार खडे', आणि हे कुणालाच खटकत नाही.