हिंगाची डबी बिलात राहिली, म्हणून मी चोर?

कडकभाकरी
परवा आपल्या सोलापूरच्या ग्रुपवर एकानं लिहिलेलं वाचलं. "बिल न करता दाराबाहेर गेलेला माल म्हणजे चोरीच, विसरलो-बिसरलो सगळी नाटकं, असल्यांचे फोटो दुकानाच्या दारात लावले पाहिजेत." खाली धडाधड अंगठे. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. लांबेल, वाचायचं तर वाचा.

मागच्या रविवारी महिन्याचं सामान आणायला एका मोठ्या दुकानात गेले होते. नाव लिहीत नाही. ट्रॉलीला वरती लहान पोराला बसवायची जागा असते ना, तिथं माझी घरची कापडी पिशवी घडी करून ठेवली होती. हिंगाची डबी खाली जाळीतनं पडेल म्हणून वर पिशवीजवळ ठेवली. बिलाच्या रांगेत असताना घरनं फोन आला, सासूबाई न्हाणीत घसरून पडल्या. एका हातानं फोन कानाला, दुसऱ्या हातानं सामान काढून काउंटरवर. २,३४० रुपये बिल झालं, दिलं आणि निघाले. दारात गार्डनं पिशवी उचलली तर खाली डबी. ५० ग्रॅम, ९० रुपये.

"ओ बाई, हे काय?" एवढ्या मोठ्यानं की तीन काउंटरवरची माणसं वळली. त्यात माझ्याकडं शिकलेल्या एका पोरीची आई होती. मी २२ वर्षं शाळेत शिकवते ओ. म्हटलं, राहिली, थांबा, आत्ता पैसे देते. नाही. मागं गोडाऊनजवळच्या खोलीत नेलं, पावणेतास बसवलं, आणि कागदावर लिहून घेतलं, "मी चोरी केली आहे, पुन्हा करणार नाही." दहा पट दंड, ९०० रुपये. नाहीतर पोलीस. मोबाईलवर फोटो काढला. घरी सासूबाई जमिनीवर पडलेल्या, मला दुसरं काही सुचलं नाही, सही केली आणि पळाले.

आता फोटो दारात लावा म्हणणाऱ्यानं मला सांगावं, २,३४० रुपये देणारी बाई ९० रुपयांसाठी चोरी करते का?

चाटीगल्ली
ताई, तुमच्यासोबत झालं ते वाईट झालं. पण ती पोस्ट माझीच आहे आणि मी ती मागं घेणार नाही.

३१ वर्षं कापडाचं दुकान चालवतोय. "एवढं बिल करणारा एवढ्याशासाठी कशाला चोरेल" हे तर सगळ्यात पहिलं ऐकायला मिळतं. लग्नसराईत एक घर आलं, बस्ता १८ हजारांचा, गादीवर बसून चहा घेतला, आणि गेल्यावर दोन ब्लाउजपीस कमी. बाजूच्याकडनं कळलं, त्यांच्याकडंही तेच झालेलं. माणूस पैशावाला आहे म्हणून चोरत नाही हे डोक्यातनं काढा. आणि मनात काय होतं ते मला कसं दिसणार? मला फक्त पिशवीखालची वस्तू दिसते. पकडलेला प्रत्येक जण विसरलेलाच असतो, ३१ वर्षांत "हो, चोरली" म्हणणारा एकजण भेटला नाही.

शिफ्टवाला
दुकानात काम केलेला म्हणून बोलतोय. चार वर्षं असल्याच एका मोठ्या दुकानात किराणा सेक्शनला होतो, पगार ११ हजार. दर महिन्याला स्टॉक मोजायचे, आणि कमी भरलेला माल सेक्शनच्या पोरांत वाटून कापायचे. दिवाळीच्या महिन्यात माझे ६४० कापले. हिंग, केशर, शेव्हिंगची पाती, चॉकलेट, लहान आणि महाग वस्तूच जातात. तुमची डबी विसरून गेली असती, तर कंपनीचं काही बिघडलं नसतं ओ मॅडम, रॅक भरणाऱ्या कुठल्यातरी पोरीच्या पगारातनं गेली असती. तिनं कुणाकडं जाऊन सांगायचं की बाई विसरली होती?

गार्ड ओरडला ते चूकच. पण त्याला पण वरनं ऐकावं लागतं, महिन्यात एकालाही पकडलं नाहीस, झोपतोस काय म्हणून.

विजापूरवेस
मूळ मुद्दा कुणी बोलेना. बाईंनी घरची पिशवी का नेली? कारण आत कॅरीबॅगला पैसे घेतात! घरची नेली तर चोर, नाही नेली तर १५ रुपये मोजा. काही ठिकाणी तर पिशवी दारात ठेवून बिल्ला घ्यायला लावतात, मग बाहेर येईपर्यंत सामान हातात धरून उभे. २०१८ ला राज्यात प्लास्टिक बंद झालं तेव्हा काय सांगितलेलं, घरनं पिशवी न्या. आता न्यायला लागलो तर गार्ड आत हात घालतोय.

चंदिगडच्या ग्राहक मंचानं २०१९ मध्ये एका नावाजलेल्या चपलांच्या कंपनीला ३ रुपयांच्या कागदी पिशवीपायी ९ हजार भरायला लावले. ३ रुपयांच्या! सोलापुरात कोण लढलंय बोला.

चाटीगल्ली
मी पिशवी फुकट देतो. १९९४ पासून देतोय. आणि तिचा खर्च माझ्या खिशातनं जातो. चांगली कापडी पिशवी १२-१४ रुपयांना पडते. तुम्ही लोक टॉवेल घेताना ५ रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करता आणि वर पिशवी मोठी द्या म्हणता.

विजापूरवेस
गावात घराघरात यंत्रमाग होते अन् कापडी पिशवीला १५ रुपये! पूर्व भागातल्या बायका घरी शिवून ५-६ रुपयांत देतील, घेता का त्यांच्याकडनं? नाही घेणार. बाहेरनं ठोक माल आणायचा. चादरीचं पण तेच केलं तुम्ही लोकांनी. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि विकायची पानिपतची, वर शिक्का सोलापूरचा. ती चोरी नाही का? तिचा फोटो कुणी लावायचा?

चाटीगल्ली
माझ्या दुकानात येऊन एक पानिपतची चादर दाखवा, दुकान बंद करतो. तोंडाला येईल ते बोलू नका. माझे वडील मागावर उभे राहिलेत, चादर हातात घेतली की सांगतो कुठली ते. स्टँडजवळ कोण काय विकतंय त्याचं पाप माझ्या डोक्यावर टाकता होय?

विजापूरवेस
म्हणजे विकतात हे मान्य ना.

चाटीगल्ली
विकतात. मी विकत नाही. एका शिक्क्यानं सगळ्यांना चोर ठरवू नका.

कडकभाकरी
चाटीगल्ली, तुमचं हेच शेवटचं वाक्य परत एकदा वाचा. मी सकाळपासनं तेवढंच सांगतेय.

पूर्वभाग
चादर बाजूला ठेवा जरा. माझी आई ३४ वर्षं विड्या वळायची. कारखान्यातनं पानं अन् तंबाखू तोलून द्यायचे, त्यात हजार विडी भरलीच पाहिजे. पानं भिजवल्यावर निम्मी फाटकी निघायची, भोकं पडलेली, ती कशी कापणार? कमी भरलं की मोजणारा सगळ्या बायकांसमोर म्हणायचा, "पानं घरी ठेवून आलीस का गं?" मग आई पदरच्या पैशानं बाहेरनं पानं घ्यायची, भर घालायला. मी सात-आठ वर्षांचा, तिच्यासोबत सूप धरून उभा असायचो. एकदा त्यानं तिला पदर झटकायला लावला. तंबाखूची चिमूटभर धूळ पडली, दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बाईच्या पदराला दुसरं काय असणार? तो हसला अन् बाकीच्या बायका खाली बघायला लागल्या. आई घरी येऊन जेवली नाही.

आता ती ७१ ची आहे. मी कमावतो, तिला असल्या एसी दुकानात घेऊन गेलो तर ती हात मागं बांधून चालते. कशालाच हात लावत नाही. म्हटलं, आई घे की काय पाहिजे ते. म्हणाली, नको, लावला की बघतात. अन् बघतात ओ! इरकल नेसलेली म्हातारी दिसली की एक पोरगा दोन हात अंतर ठेवून मागं असतोच. टीचर मॅडमना एका रविवारी कळलं, आमच्याकडं हे जन्मापासनं आहे.

शिफ्टवाला
मागं फिरायला आम्हाला सांगायचे. खोटं कशाला बोलू. कुणाच्या मागं जायचं ते पण सांगायचे, कपड्यावरून. अन् माझ्या चार वर्षांत जी मोठी चोरी सापडली ती जीन्सवाल्या दोन कॉलेजच्या पोरांची होती, डिओच्या ७ बाटल्या.

सातरस्ता
कोर्टात काम करतो म्हणून थोडं लिहितो, भाषण नाही.

चोरीच्या व्याख्येतच अप्रामाणिक हेतू आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७८ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३०३ मध्ये आहे. हेतू नाही तर चोरी नाही, वस्तू दाराबाहेर गेली तरी. मनातलं दिसत नाही हे खरं, म्हणून तर वागण्यावरनं ठरवतात: वस्तू ब्लाउजमध्ये होती की उघड्या ट्रॉलीत, विचारल्यावर बाई पळाली की पर्स उघडली.

दुसरं, ५ हजारांच्या आतल्या मालाची चोरी, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि माल किंवा पैसे परत केलेले असतील, तर आता शिक्षा समाजसेवेची आहे. ती अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीसही अटक करू शकत नाहीत अशी, आणि जामीनपात्र धरलीय. खाजगी माणसाला दुसऱ्याला पकडून ठेवता येतं ते समोर घडलेल्या दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यात, आणि तेव्हाही ६ तासांच्या आत पोलिसांकडं द्यावं लागतं. ९० रुपयांच्या डबीसाठी गोडाऊनजवळ पावणेतास बसवायचा अधिकार कुठल्या गार्डला नाही. उलट बेकायदा डांबल्याचं कलम १२७ दुकानावर लागतं, वर्षापर्यंत शिक्षा. आणि दहा पट दंड? दंड कोर्ट करतं. पोलिसांची भीती घालून पैसे काढणं याला खंडणी म्हणतात, कलम ३०८, सात वर्षांपर्यंत.

चाटीगल्ली
म्हणजे दुकानदारानं हात जोडून उभं राहायचं, न्या म्हणून? तुमचे सगळे कायदे चोराच्या बाजूनं. पोलिसांना फोन केला तर ते म्हणणार ९० रुपयांसाठी बोलावलं का. मग आम्ही करायचं काय?

सातरस्ता
दारात थांबवून हळू आवाजात विचारा, "हे बिलात आलं का बघू?" एवढं विचारायला कुणाची ना नाही. खरंच चोरी वाटली तर तक्रार द्या. कोंडणं, लिहून घेणं, दंड, फोटो, हे चारही तुमचं काम नाही.

विजापूरवेस
आणि पिशवीचं काय? राष्ट्रीय ग्राहक आयोगानं पण २०२० मध्ये म्हटलंय की आधी न सांगता बिलाच्या वेळी कॅरीबॅगचे पैसे लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यावर वकीलसाहेब काही बोलेनात.

पूर्वभाग
अरे गप की बे पिशवी! इथं माणसाच्या अब्रूचं चाललंय.

विजापूरवेस
बे कुणाला म्हणतोस? पिशवी नसती तर डबी झाकली गेली असती का? सगळं तिथनंच सुरू झालंय.

सातरस्ता
विजापूरवेस, कॅरीबॅगचं बरोबर आहे तुमचं. त्यासाठी वेगळं बोलू. मॅडम, एक विचारतो. ते ९०० रोख दिले का? पावती?

कडकभाकरी
रोख एवढे नव्हते. मोबाईलवरनं पाठवले. काउंटरचा कोड नव्हता, मॅनेजरनं स्वतःच्या फोनवरचा कोड समोर धरला. पावती नाही. आत्ता तुम्ही विचारल्यावर उघडून बघितलं, पैसे दुकानाच्या नावावर गेलेलेच नाहीत, एका माणसाच्या नावावर आहेत.

शिफ्टवाला
हे असंच चालतं. कागद लिहून घेतात तो कंपनीकडं जात नाही, ड्रॉवरमध्ये राहतो. अन् महिन्याच्या शेवटी आमचं कापायचं ते कापतातच. आमच्याकडं पण एकजण होता असला, आठवड्याला दोन-तीन तरी धरायचा, बहुतेक बायका अन् म्हातारी माणसं, भांडणार नाहीत अशी. आम्हाला माहीत होतं. मी पण गप्प बसलो, नोकरी जाईल म्हणून.

वर तुम्हाला रॅकवाल्या पोरीचं ऐकवलं. ते खोटं नव्हतं, पण तुमचे ९०० पण तिच्याकडं गेले नाहीत.

चाटीगल्ली
हे मला माहीत नव्हतं. दंड स्वतःच्या खात्यात घेणारा मॅनेजर चोरच आहे, त्याला सोडू नका. माझ्या पोस्टमधलं फोटोचं वाक्य काढतो. बाकीचं ठेवतो, माल जातो तो जातोच आणि ते दुखणं मी ३१ वर्षं भोगतोय. ताई, एवढंच सांगतो, माझ्या दुकानात असं झालं असतं तर तुम्हाला खोलीत नेलं नसतं. पण संशय आला असता. तो मी नाकारत नाही.

कडकभाकरी
संशय घ्या हो. विचारा. मी पर्स उघडूनच उभी होते.

सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं बुधवारी. त्या पावणेतासात त्या तशाच पडून होत्या, शेजारच्यांनी खिडकीतनं आवाज ऐकला म्हणून बरं. हे मी वर लिहिलं नव्हतं, कारण लिहिताना हात थरथरतो. शाळेत अजून कुणी काही बोललं नाही, पण त्या पोरीची आई गेटवर दिसली आणि तिनं माझ्याकडं न बघता गाडी वळवली.

पूर्वभाग
मॅडम, तो कागद परत घ्या आधी. तुमच्या सहीचा कागद त्याच्या ड्रॉवरमध्ये नको. एकटं जाऊ नका, मी येतो सोबत, आईला पण आणतो. तिला बघू दे एकदा, कागद परत मागता येतो ते.

सातरस्ता
मागायला जायच्या आधी लेखी तक्रार करू, नाहीतर कागद फाडून मोकळा होईल. पैसे गेल्याचं पान छापून ठेवा, तारीख-वेळेसकट. सामानाचं बिल आहे का?

कडकभाकरी
आहे. २,३४० चं, रविवारचं, संध्याकाळी ६:५२ चं. आणि फोन आल्याची वेळ पण आहे मोबाईलमध्ये, ६:४९. उद्या शाळा सुटल्यावर कोर्टाच्या दारात येते.

विजापूरवेस
मी पण येतो. ती पिशवी घेऊन या.