रिपेअरिंगच्या छोट्या धंद्यात सर्व्हिस मॅनेजर झालात, मग काय बदललं? अनुभव लिहा

आमचं लॅपटॉप-मोबाईल रिपेअरिंगचं काम आहे, बेंचवर मोजकेच टेक्निशियन, त्यातला मी एक. मालक म्हणाले पुढच्या महिन्यापासून काउंटर, पार्ट आणि पोरं सगळं तू बघ. ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा, ट्रेड कुठलाही चालेल. टीम कशी मोटिव्हेट करावी वगैरे नको, ते सगळीकडे मिळतं. रोजचं काम नेमकं काय बदलतं ते हवंय.

---

चारचाकीचं गॅरेज. हातात पाना नसतो तरी संध्याकाळी जास्त दमायला होतं, हे आधी सांगून ठेवतो.

आमच्याकडे खरी मारामारी तपासणीच्या चार्जवरून झाली. हल्ली कस्टमर स्वतःच गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचून येतो, "पी०४२० दाखवतोय, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदला आणि किती होतील सांगा". आता तो कोड एवढंच म्हणतो की कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग, हवं तसं काम करताना दिसत नाही, का ते नाही सांगत. एक्झॉस्टला लीक असेल, मागचा ऑक्सिजन सेन्सर चुकीचं दाखवत असेल, किंवा मिसफायरमुळे न जळलेलं पेट्रोल आत जाऊन कन्व्हर्टर खराब झाला असेल, आणि तसं असेल तर नवा बसवला तरी तोही जाणार. हे शोधायला माझ्या सगळ्यात हुशार मेकॅनिकची अख्खी सकाळ जाते आणि तो वेळ कुठल्याच बिलात दिसत नव्हता. मी तपासणीचे पैसे वेगळे लावायचं म्हटलं तर मालक म्हणाले नुसतं बघायचे पैसे कोण देतं, गिऱ्हाईक तुटेल. काही तुटली पण. जी राहिली ती इस्टिमेटवर घासाघीस कमी करतात, कारण काय सापडलं ते लिहून हातात मिळतं. एक मात्र पाळा, पुढचं काम आपल्याकडे केलं तर तपासणीचे पैसे वळते होणार की नाही ते गाडी आत घ्यायच्या आधी बोला, नंतर बोललात की वाद ठरलेला.

---

एसी, वॉशिंग मशीन, फ्रीज. माझं मत, मॅनेजरने सगळ्यात आधी रिपीट कंप्लेंट बघावी. दिवसाला किती कॉल झाले यावर मालक खूश असतात पण त्यातला कितवा कॉल आपल्याच जुन्या कामाचा आहे हे कोणी मोजत नाही. एसीची गॅस आपोआप संपत नाही, सिस्टीम सीलबंद असते, कमी झाली म्हणजे कुठेतरी लीक आहे. तरी टेक्निशियन गॅस भरून येतो, कारण लीक शोधायला वेळ लागतो आणि त्याला पुढचे कॉल दिलेले असतात. म्हणजे कॉल ठरवणारा मीच त्याला घाई करायला लावतो की!

माझ्या आधीच्या मॅनेजरने भिंतीवर कोणाच्या किती रिपीट त्याचा बोर्ड लावला होता, नावासकट. पोरांनी काय करावं, जुन्या कस्टमरचा फोन आला की नवीन कंप्लेंट म्हणून नोंदवायला लागली. बोर्ड एकदम स्वच्छ! मी नावं काढली आणि फक्त कारण लिहायला लावलं. लीक सापडला नाही, पार्ट डुप्लिकेट निघाला, कस्टमरला वापर समजावला नाही असं. मग खरे आकडे दिसायला लागले.

---

वरच्या दादांशी सहमत, पण धागा काढणाऱ्याला लॅपटॉप-मोबाईलचं सांगते कारण माझंही तेच काम. जॉब कार्ड, म्हणजे डिव्हाइस घेताना काउंटरवर भरायचा कागद. बाकी सगळं नंतर. कस्टमरचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, "चार्जिंग होत नाही" आणि "चार्जिंग होतं पण टिकत नाही" यात दोन वेगळी कामं आहेत आणि काउंटरवरची मुलगी घाईत दोन्हीला "बॅटरी" लिहिते. सिरियल नंबर किंवा आयएमईआय (फोनचा ओळख नंबर), दिसणारे ओरखडे, सोबत चार्जर दिला का, आणि डेटाचा बॅकअप आहे का याचं हो-नाही सहीसकट. पाणी गेलेल्या बोर्डचं तर लिहूनच द्या की साफ करून आज चालू झाला तरी गंज पुढे त्रास देऊ शकतो. फुगलेली बॅटरी दिसली तर तो डिव्हाइस इतर जॉबच्या ढिगात ठेवायचा नाही, दाबायची नाही, टोचायची तर नाहीच, आणि हे नवीन पोराला पहिल्याच दिवशी सांगायचं.

बाकी मला रोज कोणीतरी म्हणतं "मॅनेजरला बोलवा". मी म्हणते बोला. मग ते माझ्या मागे बघतात. याला उपाय सापडलेला नाही, मालक बाहेर येऊन "त्या सांगतील ते फायनल" म्हणतात तेव्हा जरा बरं जातं. तुमच्या मालकांशी हे आधीच ठरवून घ्या. तुम्ही नाही म्हटलेली सवलत त्यांनी आतून येऊन दिली की त्या दिवसापासून काउंटरवर तुमचं कोणी ऐकत नाही.

---

कालपर्यंत ज्यांच्यासोबत चहा प्यायचो तेच आज मी उशिरा का आलास विचारतो म्हणून रागावतात. वर्षभर गेलं यात. चहा अजूनही सोबतच होतो, पगाराचा विषय मी आलो की बंद होतो.

---

मोटर रिवाइंडिंग. आमच्याकडे जळलेली मोटर येते, कस्टमरला उद्या हवी असते, कारागीर लगेच वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, फोडायला घेतो. मी आल्यावर एकच नियम केला, फोडायच्या आधी फोटो. जळालेलं वाइंडिंगच सांगतं काय झालं. सगळीकडे सारखं काळं पडलंय तर बहुतेक ओव्हरलोड. थ्री-फेज मोटरच्या गुंडाळ्या स्टार किंवा डेल्टा अशा दोन पद्धतींनी जोडतात. स्टार कनेक्शनमध्ये दोन फेज जळालेत आणि एक चांगला आहे, किंवा डेल्टात एकच जळालाय, तर सप्लायचा एक फेज गेलेला असताना मोटर चालत राहिली. मग रिवाइंड कितीही सुबक केलं तरी कस्टमरकडचा फ्यूज, कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच), ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) बघितला नाही तर परत जळणार आणि म्हणणार तुमचं काम कच्चं. आता फोटो बिलासोबत जातो. वॉरंटीचे वाद बरेच कमी झाले, पूर्ण नाही, काहींना फोटो दाखवला तरी पटत नाही.

---

मी केलं आणि सोडून परत बेंचवर आलो, मजेत आहे. मला दोष शोधायला आवडतं, फोनवर "उद्या नक्की" म्हणायला नाही. हेही चालतं, पण मालकाला आधी विचारून ठेवा की परत यायची सोय आहे का.

---

धागाकर्ता: सगळ्यांना धन्यवाद. पार्टसाठी अडकलेल्या जॉबचं काय करता? आमचं कपाट तिथेच तुंबतं.

---

लॅपटॉपवाली परत. वेगळा रॅक करा आणि प्रत्येकावर शेवटचा फोन कधी केला ती तारीख. पार्ट आला नाही तरी कस्टमरला आपण फोन करायचा, त्याचा यायची वाट नाही बघायची. आणि सप्लायरला "पाठवला का" विचारू नका, तो हो म्हणणारच. ट्रॅकिंग नंबर मागा.