मदत हवी आहे: न्यू जर्सीच्या शाळेतून निवृत्ती, कोब्रा घ्यावा की मेडिकेअर?

पावशेर_चहा

मंडळी, डोकं चालेनासं झालंय. निवृत्तीनंतर पूर्ण हप्ता भरून शाळेचाच विमा काही काळ चालू ठेवायचा (कोब्रा), की ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी विमा (मेडिकेअर) घ्यायचा? जाणकारांनी कृपया लिहा.

मी न्यू जर्सीत पब्लिक स्कूलमध्ये गणित शिकवते. येत्या ३० जूनला (२०२६) निवृत्त होतेय. वय ६६, नोकरी २३ वर्षं. टीपीएएफची, म्हणजे राज्याच्या शिक्षक निधीची, पेन्शन मिळेल, पण २५ वर्षं भरली नाहीत, त्यामुळे पुढच्या आरोग्य विम्याचा भार राज्य उचलणार नाही. एसईएचबीपीत, म्हणजे शाळा कर्मचाऱ्यांच्या राज्य योजनेत, राहता येतं, पण हप्ता सगळा पदरचा. "अजून दोन वर्षं रेट की" असं जो तो सांगतो. गुडघे ऐकत नाहीत, आणि आठवीचा वर्ग तर त्याहून ऐकत नाही.

नवरा ६२ वर्षांचा, स्वतःचा छोटा व्यवसाय, विमा माझाच. नोव्हेंबर ते मार्च पुण्यात राहायचा बेत आहे, सासूबाई एकट्या असतात.

६५ झाल्यावर मेडिकेअरचा पार्ट ए (हॉस्पिटलचा भाग) घेतला, पार्ट बी (डॉक्टर आणि बाहेरचे उपचार) नाही, कारण शाळेचा विमा चालू होता. आता डिस्ट्रिक्टच्या ऑफिसातल्या बाई म्हणतात, "दोघांसाठी कोब्रा घ्या, १८ महिने मिळतो, मेडिकेअरची काही घाई नाही." डॉक्टर तेच, कार्ड तेच, त्यामुळे ऐकायला बरं वाटलं. पण स्टाफरूममधली मैत्रीण म्हणते, असं अजिबात करू नकोस, जन्मभर दंड भरशील. खरं काय? मी मेडिकेअरवर गेले तर नवऱ्याचं काय? आणि पार्ट बीचा हप्ता उत्पन्न बघून वाढवतात म्हणे, तेही सांगा. २०२४ मध्ये त्याचा धंदा जोरात होता.

जुना_मास्तर

मैत्रिणीला एक कॉफी पाजा. ती बरोबर आहे.

६५ नंतर पार्ट बी लांबवायची सवलत चालू नोकरीच्या विम्यामुळे मिळते. कोब्रा आणि निवृत्तांचा विमा हे दोन्ही त्यात धरत नाहीत. नोकरी संपली की आठ महिन्यांची मुदत सुरू होते. तुमच्या बाबतीत जुलै ते फेब्रुवारीअखेर. कोब्राच्या भरवशावर ती गेली, तर मग दरवर्षी जानेवारी ते मार्च एवढीच खिडकी उरते (नेमक्या तेव्हा तुम्ही पुण्यात), आणि उशिराच्या प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांमागे हप्ता १० टक्क्यांनी चढतो. तो दंड पार्ट बी असेपर्यंत सुटत नाही.

त्याहून वाईट गोष्ट ऑफिसात कुणी सांगत नाही. पात्र असून तुम्ही पार्ट बी घेतला नाही, तर मेडिकेअरने जेवढं दिलं असतं तेवढं वजा करून कोब्रावाले उरलेलंच देऊ शकतात. म्हणजे महिन्याला भलामोठा हप्ता भरायचा आणि डॉक्टरचं बिल आलं की ८० टक्के आपल्या गळ्यात. एसईएचबीपीचं म्हणाल, तर पात्र निवृत्तांना तिथे पार्ट ए आणि बी दोन्ही असल्याशिवाय दारातच उभं करत नाहीत.

पार्ट बीसाठी अर्ज दोन. सीएमएस-४०बी तुम्ही भरायचा आणि सीएमएस-एल५६४ वर (नोकरीचा विमा होता याचा दाखला) डिस्ट्रिक्टची सही घ्यायची. ही सही शाळा सुटायच्या आत घ्या. जुलैत ऑफिसात चिटपाखरू नसतं.

तळजाई

ताई, नवऱ्याचं सोपं आहे. कोब्रा दोघांनी मिळूनच घ्यायला हवा असं काही नाही, त्याला एकट्याला घेता येतो. तुमच्या ऑफिसातल्या बाईंचा सल्ला त्याच्यापुरता बरोबर ठरेल! १८ महिन्यांनंतर किंवा आत्ताच गेट कव्हर्ड एनजेवर (राज्याची विमा घ्यायची वेबसाइट) योजना बघा. विमा गेल्यापासून ६० दिवसांत अर्ज करायचा. तुम्ही एसईएचबीपीत राहिलात तर तो अवलंबित म्हणून साध्या योजनेत आणि तुम्ही मेडिकेअरवाल्या योजनेत, असंही चालतं.

पार्ट बीच्या चढ्या हप्त्याचं नाव इरमा. यंदासाठी २०२४ चं रिटर्न बघतात, जोडप्याची मर्यादा २,१८,००० डॉलर. वर गेलात तरी सोशल सिक्युरिटीचा एसएसए-४४ फॉर्म भरून "नोकरी थांबली" हे कारण देता येतं, मग ते नव्या अंदाजावर हप्ता ठरवतात. माझ्या बहिणीचा असाच कमी झाला. पण लक्षात घ्या, धंद्यातली कमाई नंतर घटली एवढ्यावर भागत नाही, तुमचा पगार थांबलाय हे दाखवायचं.

आणि पुणे! साधं मेडिकेअर भारतात जवळपास काहीच देत नाही. मेडिगॅप, म्हणजे मेडिकेअरनंतर उरलेला खर्च देणारा खाजगी विमा; त्याच्या जी, एन अशा काही योजना परदेशातल्या तातडीच्या उपचाराचे ८० टक्के देतात. पण प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांपुरतेच, आधी २५० डॉलर तुमचे, आणि जन्मभरात मिळून ५०,००० डॉलर. पाच महिन्यांच्या मुक्कामाला तो पांघरूण नव्हे, उपरणं आहे. तिथली वेगळी सोय करा.

बॉस्टनकर

इतर राज्यांतल्या शिक्षकांनी हा धागा जसाच्या तसा लावून घेऊ नये. मॅसॅच्युसेट्समध्ये आमच्या पगारातून सोशल सिक्युरिटी कापतच नाहीत, त्यामुळे पार्ट बीचा हप्ता सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनमधून कसा जाणार इथपासून वेगळी गणितं.

पावशेर_चहा

सगळ्यांचे मनापासून आभार. एल५६४ छापून पर्समध्ये ठेवलाय, सोमवारी मधल्या सुट्टीत सही घेते. पार्ट बी १ जुलैपासूनच सुरू होईल असा अर्ज करतेय.

आता एकच अडलंय. पदरचे पैसे भरून एसईएचबीपीतच राहू, की मेडिगॅप जी आणि वेगळा पार्ट डी (औषधांचा विमा) घेऊ? मला रक्तदाब आणि थायरॉईड आहे.

जुना_मास्तर

मग मेडिगॅपचा निर्णय लांबवू नका. पार्ट बी सुरू झाल्यापासून सहा महिने कंपनीला तुमचा रक्तदाब विचारून नाही म्हणता येत नाही, नंतर म्हणता येतं. पार्ट डी तर त्याआधीच हवा. शाळेचं औषधांचं कव्हर संपल्यावर ६३ दिवस मध्ये गेले की त्याचाही दंड लागतो. एसईएचबीपीकडून दोघांच्या हप्त्याचा आकडा लेखी मागवा, आणि त्याच पत्रात विचारा की एकदा बाहेर पडल्यावर परत घेता का. दोन्ही उत्तरं आली की इथे टाका, बसून हिशेब करू.