क्लिप की मॅगझिन? आधी परीक्षा, मग मत?

अनघा: काल या धाग्यावर कुणीतरी ठणकावलं, "ज्याला क्लिप आणि मॅगझिनमधला फरक कळत नाही, त्याने अमेरिकेतल्या बंदूक कायद्यावर बोलूच नये." (क्लिप म्हणजे गोळ्या एकत्र धरणारी पट्टी, मॅगझिन म्हणजे बंदुकीला गोळ्या पुरवणारी पेटी.) वाचून डोकं फिरलं. मी अमेरिकेतल्या शाळेत शिकवते. बंदूकधारी शाळेत घुसला तर काय करायचं, त्या लॉकडाऊनच्या सरावात पहिलीची मुलं दिवे मालवून कोपऱ्यात गप्प बसवते. त्या मुलांसाठी बोलायला आधी तुमची तोंडी परीक्षा द्यायची का?

दिगंबर: ते वाक्य माझं, आणि मी ते मागे घेणार नाही. कायदा शब्दांवरच उभा राहतो. १९९४ ची असॉल्ट वेपन बंदी, म्हणजे लष्करी धाटणीच्या बंदुकांवरची बंदी, बघा. मॅगझिन निघणारं असेल आणि वर पिस्तूल ग्रिप (पिस्तुलासारखी मूठ), संगीन लावायची सोय, फ्लॅश सप्रेसर (गोळीबाराचा उजेड झाकणारा भाग) असल्या यादीतल्या दोन गोष्टी असतील तर नवी रायफल बेकायदा. कंपन्यांनी संगिनीची सोय आणि फ्लॅश सप्रेसर काढून जवळपास तीच रायफल विकली. २००४ मध्ये बंदीच संपली. एआर-१५ ही त्यातलीच रायफल; तिच्यातलं एआर म्हणजे आर्मालाइट रायफल, हे कंपनीचं नाव आहे, एवढं तरी शिकून घ्या. ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते, आणि टीव्हीवाले तिला मशीनगन म्हणतात!

वैभव: म्हणजे पळवाट कंपन्यांनी काढायची आणि बोलणी अनघाताईंनी खायची? लास वेगासमधला गोळीबार, २०१७. बम्प स्टॉक हा सरकता दस्ता लावला की रायफल मागेपुढे सरकते आणि ट्रिगर बोटावर आपटत राहतो. ६० माणसं गेली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं की ही मशीनगन नाही, कारण प्रत्येक गोळीला ट्रिगर नव्याने हलतो. मरणाऱ्याला त्याचं काय?

दिगंबर: कोर्टाने कायद्यात लिहिलंय ते वाचलं. व्याख्या बदलायची तर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, बदलावी.

शिरीष: शब्दांचंच चाललंय तर 'सायलेन्सर' आधी बंद करा. सप्रेसर म्हणा. त्याने आवाज साधारण २० ते ३५ डेसिबल उतरतो, बंदूक मुकी होत नाही. शिकारीपायी माझ्या डाव्या कानात कायमची शिट्टी बसली आहे. सिनेमे बघून लोक त्याला मारेकऱ्याचं हत्यार समजतात.

अनघा: १९०९ मध्ये हायरम पर्सी मॅक्सिमने पेटंट घेतलं, तेव्हा ती वस्तू 'मॅक्सिम सायलेन्सर' म्हणूनच विकली. १९३४ च्या बंदूक कायद्यातही सायलेन्सरच लिहिलंय. शोधणाऱ्याचा शब्द मी वापरला की मी अडाणी?

शिरीष: शब्द जुना आहे, मान्य. पण त्या शब्दामुळेच लोक घाबरतात! कान माझा गेलाय, तुमचा नाही.

वैभव: शिरीषराव, कानाचं वाईट वाटतं. पण धागा शाळेतल्या मुलांवरून सुरू झालाय.

शिरीष: मग माझं दुखणं खोटं का?

दिगंबर: शिरीष, पुरे. अनघाताई, मॅगझिनमध्ये १० पेक्षा जास्त गोळ्या नकोत, ही मर्यादा मोजता येते. १९९४ च्या कायद्यात ती होती. मला पटत नाही, पण तिच्यात शब्दांचा घोळ नाही, एवढं मानतो. त्यावर वाद घाला.

अनघा: घालते. पण 'बोलूच नये' हे आधी मागे घ्या.

दिगंबर: ते नाही.