गालिचा चालतो, मग गालिचेवाला का चालत नाही?

उंबरठा (घोडबंदर रस्ता, ठाणे)

आमच्या गृहसंकुलाच्या सभागृहात दर डिसेंबरात श्रीनगरचे एक व्यापारी आठवडाभर हातविणीचे गालिचे, नमदे (दाबलेल्या लोकरीची जाजमे) आणि शाली मांडत असत. यंदाच्या सर्वसाधारण सभेत ‘बाहेरच्या विक्रेत्यांना सभागृह देऊ नये’ असा ठराव आला आणि फारशी चर्चा न होता तो संमतही झाला. त्याच सभागृहात येवल्याच्या पैठण्यांचे आणि कोल्हापुरी चपलांचे प्रदर्शन भरते. ते विक्रेतेही संकुलाबाहेरचेच आहेत, तरी ठरावाचा रोख त्यांच्यावर नव्हता. तो कोणावर होता, हे सभेला बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांपैकी कित्येकांच्या दिवाणखान्यात याच व्यापाऱ्यांकडून घेतलेला गालिचा अंथरलेला आहे, ही गोष्ट मला फार लागली. पाहुणे आले की त्या गालिच्याचे कौतुक होते, चिनाराच्या पानांची नक्षी बोटाने दाखवली जाते, काश्मीरच्या सहलीच्या आठवणी निघतात. मात्र तो गालिचा आपल्या दारापर्यंत आणणारा माणूस आपल्याला परका वाटतो.

या व्यापाऱ्यांनी एकदा एक रेशमी गालिचा माझ्यासमोर पसरला, मग दोन्ही कोपरे धरून तो उलट दिशेने फिरवला. मघाशी फिकट दिसणारी निळी जमीन क्षणात गडद झाली. लव, म्हणजे गालिच्यावरच्या धाग्यांची मऊ टोके, एकाच बाजूला कललेली असते आणि प्रकाश तिच्यावर कोणत्या अंगाने पडतो त्यावर रंगाची छटा ठरते, हे त्यांनी मला तेव्हा समजावून सांगितले. मागाशेजारी ‘तालीम’ नावाची कागदाची पट्टी असते, तिच्यावर कोणत्या रंगाच्या किती गाठी मारायच्या हे खुणांच्या लिपीत लिहिलेले असते आणि विणकर चित्राकडे न पाहता ती पट्टी वाचत वाचत विणत जातो, हेही मला त्यांच्याकडूनच कळले. सहा फूट बाय चार फुटांच्या गालिच्यात चौरस इंचाला 400 गाठी असतील, तर एकूण 13,82,400 गाठी होतात. एका विणकराने दिवसाला आठ हजार गाठी मारल्या असे धरले, तरी सुमारे पावणेदोनशे दिवसांचे काम झाले. हे सांगणारे कोणी समोर नसेल, तर गालिचा आपल्या लेखी केवळ महागडे जाड कापड उरतो.

ही विद्या तरी काश्मीरची मूळची कुठे आहे? पंधराव्या शतकात सुलतान झैन-उल-आबिदीन याने इराण आणि मध्य आशियातून कारागीर आणवले, असे तिथली परंपरा सांगते. स्थलांतरितांनीच जिवंत ठेवलेल्या कलेचे आपण चाहते असू, तर ती विकायला आलेल्या स्थलांतरिताला दार बंद करणे मला अन्यायाचे वाटते. आपली मते जाणून घ्यायला आवडेल.

खाडीकाठ (कळवा)

उंबरठा, तुमच्या भावनेचा मी आदर करतो, पण तुमच्या मांडणीशी मी सहमत नाही. गालिच्याचे आकर्षण आणि विक्रेत्यावरचा विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीच्या जोरावर दुसरी मागता येत नाही. माझ्या थोरल्या बहिणीने अशाच एका हंगामी प्रदर्शनातून ‘अस्सल रेशमी’ म्हणून गालिचा घेतला. पहिल्या पावसाळ्यात त्यावर पाणी सांडले, तेव्हा ओल्या भागातली लव पिवळट पडून कडक झाली आणि तो रेशीम नसून व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला कृत्रिम धागा, असल्याचे धुलाईवाल्याने सांगितले. पावती म्हणून जो कागद मिळाला होता, त्यावर पत्ता नव्हता आणि दिलेला भ्रमणध्वनी लागत नव्हता. आठवडाभरात मांडव उठला, आता दाद कोणाकडे मागायची?

याउलट नौपाड्यातला किंवा वाशीतला दुकानदार वर्षभर भाडे भरतो, जीएसटी भरतो आणि तक्रार घेऊन गेलात तर तिथेच गल्ल्यावर बसलेला सापडतो. सणासुदीच्या तोंडावर आठवडाभर येऊन माल खपवणाऱ्याशी त्याने स्पर्धा करावी, ही अपेक्षाही न्यायाची नाही. आणखी एक बाब स्पष्ट करतो. देशात कुठेही राहण्याचा आणि व्यवसाय करण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 19 ने दिला आहे, तो शासनाविरुद्ध आहे. आपले सभागृह कोणाला द्यायचे, हे सभासदांनी ठरवण्यात त्या हक्काचा भंग होत नाही.

ताणाबाणा (खारघर)

कापड आणि गालिच्यांच्या निर्यात व्यवहारात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून खाडीकाठ यांच्या बहिणीच्या अनुभवाविषयी लिहितो. अशी फसवणूक होते आणि सर्रास होते. पण व्हिस्कोसला रेशीम म्हणून विकणारे पक्क्या दुकानांतही बसलेले आहेत. हा दोष मालाच्या पारखीचा आणि कागदपत्रांचा आहे, विकणाऱ्याच्या गावाचा नाही.

गालिचा घेताना प्रथम तो उलटा करावा. हातगाठीच्या गालिच्यात समोरची नक्षी मागेही तितकीच स्पष्ट दिसते आणि गाठी किंचित कमीजास्त आकाराच्या असतात. पाठीवर कापड चिकटवलेले असेल, तर तो टफ्टेड, म्हणजे हातातल्या यंत्राने धागे टोचून मागून रबरी डिंकाने पक्का केलेला माल समजावा. तोही हाताचाच म्हणून विकला जातो, पण त्यात गाठ नसते आणि काही वर्षांनी तो डिंक सुटून भुकटी पडू लागते. मग झालर पाहावी. खऱ्या गालिच्याची झालर म्हणजे ताण्याचेच, म्हणजे विणीतल्या उभ्या धाग्यांचेच, पुढे आलेले धागे असतात, यंत्रमालाला ती वरून शिवलेली असते. शेवटी विक्रेत्याच्या संमतीने लवेतला एखादा धागा उपटून जाळावा. झालरीतला धागा घेऊ नये, कारण ताणा अनेकदा सुताचा असतो. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि चुरडली जाणारी काळी गुठळी उरते, व्हिस्कोस कागदासारखे भुरुभुरु जळते. ज्याचा माल चोख आहे तो विक्रेता या परीक्षेला नाही म्हणत नाही, असा माझा अनुभव आहे.

काश्मीरच्या हातगाठीच्या गालिच्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि 2022 पासून तपासणी झालेल्या गालिच्यांना क्यूआर कोड असलेले लेबल लावण्याची सोय झाली आहे. उत्तर प्रदेशातल्या भदोहीच्या हातविणीच्या गालिच्यांनाही 2010 मध्ये मानांकन मिळाले. सभेने ‘लेबल आणि रीतसर बिल असल्याशिवाय प्रदर्शन नाही’ असा ठराव केला असता, तर मी त्याला दोन्ही हातांनी पाठिंबा दिला असता. पावतीवर पत्ता असेल, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेच तक्रार करता येते, त्यासाठी श्रीनगरला जावे लागत नाही.

वाशीकर (सेक्टर 17)

या चर्चेत विणकर कुठेच नाही, याचे मला वाईट वाटते. उंबरठा ज्यांचे कौतुक करत आहेत ते व्यापारी आहेत, त्यांनी स्वतः गाठ मारलेली नाही. पावणेदोनशे दिवस मागावर बसणाऱ्याच्या हाती त्या किमतीतला किती वाटा पडतो, हा प्रश्न दिवाणखान्यातल्या कौतुकात कधी निघत नाही. भदोही-मिर्झापूरच्या मागांवर लहान मुलांना राबवले जात होते, म्हणून तर बालमजुरीविरोधी कार्यकर्ते कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने 1994 मध्ये बालमजुरीविना विणलेल्या गालिच्यांसाठी ‘रगमार्क’ हे चिन्ह सुरू करावे लागले. पुढे त्याचेच नाव ‘गुडवीव्ह’ झाले. हातविणीच्या मोहात हा इतिहास झाकला जातो. मोहाचा उपयोग विक्रेत्याला होतो, मजुराला होत नाही.

म्हणून मला बेलापूरच्या अर्बन हाटसारखी जागा योग्य वाटते. तिथे देशभरातले कारागीर येतात, गाळे ठरलेले असतात आणि जाब विचारायला एक व्यवस्था असते. शिवाय आपल्या दमट हवेत लोकरी गालिचा पावसाळ्यात सांभाळणे किती कठीण आहे, हे ठाणे-नवी मुंबईकरांना सांगायला नको. आपल्याला खरोखर हातमागाचे प्रेम असेल, तर ते सोलापूरच्या चादरीपासून सुरू व्हावे.

ताणाबाणा (खारघर)

वाशीकर, विणकराविषयीचा तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मात्र सोलापूरचे उदाहरण तुमच्या बाजूने जात नाही. सोलापूरच्या चादरीची कीर्ती ज्यांच्या हातांनी घडली, त्यांतला मोठा वर्ग एकोणिसाव्या शतकापासून तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचा आहे आणि त्यांच्या घरांत आजही तेलुगू बोलली जाते. ठाणे जिल्ह्यातली भिवंडी पाहा. 1857 नंतर उत्तर हिंदुस्थानातून आग्रा रस्त्याने आलेल्या विणकरांनी तिथे हातमाग उभे केले आणि त्यांतूनच पुढे यंत्रमागांचे शहर वाढले. त्या काळच्या सोलापूरकरांनी आणि भिवंडीकरांनी ‘बाहेरचे’ म्हणून या लोकांना जागा नाकारली असती, तर आज आपण ज्याला आपले म्हणतो त्यातले पुष्कळसे आपल्याकडे आलेच नसते.

खाडीकाठ (कळवा)

ताणाबाणा यांनी दिलेली माहिती उपयुक्त आहे आणि लेबल-बिलाच्या अटीला माझी हरकत नाही. पण एक गोष्ट या धाग्यावर कोणीच उघडपणे बोलत नाही, म्हणून मी बोलतो. 22 एप्रिल 2025 रोजी पहलगामला 26 जणांची हत्या झाली, त्यांत डोंबिवलीचे तिघे आणि नवीन पनवेलचे एक गृहस्थ होते. माझ्या कचेरीतले सहकारी त्या अंत्ययात्रांना गेले होते. त्यानंतर आलेल्या डिसेंबरात काही सभासदांचे मन काश्मिरी प्रदर्शनाला तयार झाले नसेल, तर त्यांना संकुचित ठरवणे मला पटत नाही. सोलापूरला आलेल्या पद्मशालींच्या बाबतीत लोकांच्या मनात अशी जखम नव्हती.

उंबरठा (घोडबंदर रस्ता, ठाणे)

खाडीकाठ, आपण हे स्पष्ट लिहिलेत याबद्दल मी आभारी आहे, कारण सभेतही हेच सर्वांच्या मनात होते आणि त्याऐवजी पार्किंग व सुरक्षारक्षकांची कारणे पुढे केली गेली. डोंबिवलीचे दुःख माझेही आहे. परंतु त्या 26 जणांत एक स्थानिक घोडेवालाही होता, तो मुसलमान होता आणि तोही त्याच मैदानात त्याच मारेकऱ्यांच्या गोळ्यांनी मेला. पर्यटक थांबले आणि प्रदर्शने रद्द झाली, की पहिली झळ ज्यांना बसते त्यांत असे घोडेवाले आणि वाशीकर ज्यांची काळजी करतात ते मागावरचे मजूरच असतात. जखमेचा राग मी समजू शकते. तो राग वर्षानुवर्षे पक्की पावती देणाऱ्या, गेल्या वर्षीच्या ग्राहकाचा उसवलेला काठ या वर्षी विनामूल्य दुरुस्त करून देणाऱ्या माणसावर निघावा, हे मला मान्य नाही. आमच्या शेजारच्या आजींचा काठ त्यांनी सभागृहातच जमिनीवर बसून, वाकडी सुई घेऊन ओवून दिला होता.

सभागृहावर सभासदांचा अधिकार आहे, हा आपला मुद्दा कायद्याने बरोबर आहे. म्हणून मी न्यायालयाची भाषा करत नाही, सभासदांशीच बोलते आहे. पुढच्या सभेत मी दुरुस्तीचा ठराव मांडणार आहे. विक्रेता येवल्याचा असो, श्रीनगरचा असो की नौपाड्याचा, कायम पत्ता, रीतसर बिल आणि जिथे मानांकन आहे तिथे लेबल या अटी सर्वांना सारख्या असतील. ‘बाहेरचे’ हा शब्द ठरावातून काढला जावा, एवढी माझी मागणी आहे.

वाशीकर (सेक्टर 17)

उंबरठाताई, ठरावात एक अट वाढवा. काश्मिरी गालिच्याच्या त्या लेबलवर विणकराचीही माहिती असते, असे माझ्या वाचनात आले आहे. ती प्रदर्शनात प्रत्येक गालिच्याशेजारी मराठीत लिहून लावलेली असावी. पैठणीवाल्यांनाही हीच अट घाला. त्यांच्याकडेही विणणारा वेगळा आणि विकणारा वेगळा असतो.

खाडीकाठ (कळवा)

वाशीकरांच्या अटीसह ठराव आला, तर मी आपल्या संकुलाचा सभासद नसलो तरी आमच्या सोसायटीत तो जसाच्या तसा मांडेन. यंदाचे वर्ष मात्र जाऊ द्या, या मतावर मी ठाम आहे.