मदत हवी आहे: कॅस्लॉनमधल्या मजकुराला कोणता ठळक सेरिफ टाइप शोभेल?

नमस्कार. एका इंग्रजी स्मरणिकेची मांडणी माझ्याकडे आली आहे. मजकूर कॅस्लॉन या टाइपच्या (अक्षरवळणाच्या) एका अलीकडच्या आवृत्तीत ११ पॉइंटात (पॉइंट म्हणजे अक्षरांच्या आकाराचे माप) लावला असून तो वाचायला निवांत वाटतो, त्यामुळे तो बदलायचा नाही. प्रश्न मथळ्यांचा आहे. संपादकांना ते भारदस्त आणि जुन्या वळणाचे हवे आहेत, आणि सेरिफ, म्हणजे अक्षरांच्या टोकांना असलेल्या छोट्या आडव्या रेघा, नसलेला टाइप त्यांना मुळीच नको आहे.

विल्यम कॅस्लॉनने अठराव्या शतकात लंडनमध्ये हा टाइप घडवला, तेव्हा मजकुराच्या टाइपला जोडीचा ठळक टाइप असावा अशी प्रथाच नव्हती. जोर द्यायचा असेल तर इटालिक (तिरपी) किंवा कॅपिटल अक्षरे वापरत. त्यामुळे आज कॅस्लॉन बोल्ड म्हणून जे मिळते ते मागाहून जोडलेले असते. माझ्या आवृत्तीतील बोल्ड तर सुजल्यासारखा दिसतो: उभे दंड जाड झाले आहेत, सेरिफ मात्र तसेच नाजूक राहिले आहेत, आणि छोट्या 'ई'ची पोकळी जवळजवळ बुजली आहे. सॉफ्टवेअरने चढवलेल्या कृत्रिम जाडीचा विचारही करायला नको.

म्हणून दुसरे ठळक टाइप पाहिले. क्लॅरेंडन (१८४५) शब्दकोशांतील शब्द उठून दिसावेत म्हणून वापरला जात असे, म्हणजे कामाचा स्वभाव जुळतो. पण त्याची अक्षरे रुंद असल्याने लांब मथळा दोन ओळींत जातो आणि पान जाहिरातीच्या फलकासारखे दिसू लागते. बोडोनी बोल्ड ३६ पॉइंटात देखणा वाटतो, परंतु १४ पॉइंटावर त्याच्या केसासारख्या रेषा जाड दंडांशेजारी हरवतात, शिवाय त्याचा सरळ उभा तोल (गोल अक्षरांतील जाडीची दिशा) कॅस्लॉनच्या कललेल्या तोलाशी जुळत नाही.

माझा कल चेल्टनहॅम बोल्डकडे आहे. मूळ चेल्टनहॅम १८९६ च्या सुमारास बर्ट्रम गुडह्यू या वास्तुरचनाकाराने रेखाटला आणि त्याचा ठळक अवतार मॉरिस फुलर बेंटनने पुढे १९०४ मध्ये केला. जाड-बारीक रेषांतील फरक बेताचा आणि सेरिफ आखूड असल्याने तो दणकट वाटतो. न्यूयॉर्क टाइम्सचे मथळेही याच घराण्यातील टाइपमध्ये असतात. अडचण इतकीच की त्याची एक्स-उंची (छोट्या 'एक्स'सारख्या अक्षरांची उंची) कमी असल्याने १३ पॉइंटातले उपमथळे ११ पॉइंटातल्या मजकुराहून फारसे मोठे दिसत नाहीत. आयटीसी या टाइप कंपनीच्या १९७५ च्या आवृत्तीत ती उंची वाढवली आहे, पण मला त्यात जुना ठसका उरलेला दिसत नाही.

तेव्हा उपमथळ्यांसाठी आयटीसीची आवृत्ती घ्यावी, की मथळे चेल्टनहॅममध्ये ठेवून उपमथळे कॅस्लॉनच्याच स्मॉल कॅप्समध्ये (छोट्या अक्षरांच्या उंचीच्या कॅपिटलमध्ये) किंचित अंतर देऊन लावावेत? कागद गुळगुळीत नाही, त्यामुळे शाई थोडी पसरणार हे गृहीत आहे. अशा कागदावर ठळक सेरिफ किती पॉइंटांखाली नेऊ नये आणि मोठ्या मथळ्यांत अक्षरांमधील अंतर किती आवळावे, हे प्रत्यक्ष छापून पाहिलेल्या कोणी सांगितल्यास फार मदत होईल.