मोरोक्कोच्या एसाविरा गावातला जांभळा रंग

प्रश्न: नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा, बाबांनी आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात सुताची रंगाई केली त्यामुळं कुठं रंगाचं काही वाचलं की मी थांबतोच. मोरोक्कोतल्या एसाविराजवळच्या बेटावर म्हणे शिंपल्यातून जांभळा रंग काढायचे, खरंय का? गाव कसंय?

उत्तर १: खरंय दादा, पण शिंपल्यातून नाही, म्युरेक्स नावाच्या समुद्री गोगलगायीतून. रोमन काळात त्या भागाचा राजा जुबा दुसरा यानं तिथं हा धंदा चालवला. एका गोगलगायीत जेमतेम थेंबभर रंग, हजारो मारल्या तेव्हा कुठं एका झग्याच्या काठापुरता, म्हणून तो बड्या लोकांच्याच अंगावर दिसायचा.

उत्तर २: मी गेलेय. आत्ताचं गाव १७६० च्या दशकात सुलतान मोहम्मद बिन अब्दुल्लानं वसवलं, आराखडा कोर्नू नावाच्या फ्रेंच माणसाचा, म्हणून मुख्य रस्ते सरळ आहेत, मोरोक्कोतल्याच माराकेश शहरासारखं हरवायला होत नाही. २००१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तटावर जुन्या तोफा, बंदरात निळ्या होड्या, आणि वारा तर असला की ओढणी सांभाळून हात दुखले, आपल्या मे महिन्यातनं गेलेली मी तिथं स्वेटर घालून फिरले! थुया नावाच्या झाडाच्या लाकडाची डबी आणलीय, उघडली की अजून वास येतो.

प्रश्नकर्ता: खूप आभार ताई, दादा. बाबांना आत्ताच वाचून दाखवलं, त्यांनी लगेच विचारलं, तो रंग धुतल्यावर जायचा का?

उत्तर १: नाही, पक्का रंग!